मूठभर पेंडीचा हिशेब

गरोदर बाईला सातव्या महिन्यानंतर काय खायला घालायचं, याबद्दल आपल्याकडे घरोघरी ठाम मतं असतात. सासूचं एक, आईचं दुसरं आणि शेजारच्या काकूंचं तिसरंच! बाळंतपणानंतरच्या हळिवाच्या खिरीपासून डिंकाच्या लाडवांपर्यंतची यादी तर बहुतेकींना तोंडपाठ असते. या सगळ्यामागे एक साधं शहाणपण आहे. ही दोन जिवांची आहे, हिचं नेहमीच्या ताटावर भागणार नाही.

हे शहाणपण गोठ्यापर्यंतही पोचलेलं आहे. गाभण गाईला, दुभत्या म्हशीला पेंड घालायला कुणी नाही म्हणत नाही, कारण तिचं दूध रोज डेअरीत जातं आणि त्याचे पैसे हातात दिसतात. मेंढीपर्यंत मात्र ते फारसं पोचत नाही. "मेंढरू काय, रानात चरून येतंय की!" हे वाक्य मी फलटण, माण, खटाव या भागांतल्या वाड्यांवर इतक्या वेळा ऐकलंय की आता ते म्हणणाऱ्याच्या ओठांवर यायच्या आधीच मला कळतं. शेळ्या-मेंढ्यांच्या चाऱ्याच्या कामासाठी मी या भागात फिरते. वाडा म्हणजे मेंढरांचा रात्रीचा मुक्काम, जाळी लावून केलेला. धनगरांचा संसारही त्या जाळीला लागूनच असतो.

मेंढी साधारण पाच महिने गाभण असते. पहिल्या साडेतीन महिन्यांत पोटातलं कोकरू फारसं वाढत नाही. त्याच्या वजनाची दोन तृतीयांशाहून जास्त वाढ होते ती शेवटच्या दीड महिन्यात. याच दिवसांत मेंढीची कासही तयार होत असते. म्हणजे सगळी भूक या शेवटच्या ४०-४५ दिवसांत एकवटलेली, आणि वाढलेल्या गर्भामुळे पोटात चाऱ्याला जागा मात्र कमी! अशा वेळी मेंढीच्या पुढ्यात जर नुसतं वाळलेलं गवत आणि कडबा असेल, तर ती खाते काय आणि तिला मिळतं काय?

ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं असतात जेमतेम तीन-चार टक्के. उन्हाळ्यातल्या वाळक्या गवताचीही तीच गत. चाऱ्यातली प्रथिनं साधारण सात टक्क्यांच्या खाली गेली, की मेंढीचं पोटच नीट चालत नाही. आता हे सात टक्के कुठून आले, ते समजून घ्यायला आपल्या स्वयंपाकघरातलं विरजण उपयोगी पडेल. दूध आपण लावतो, पण दही करतात ते विरजणातले जंतू. मेंढीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोठीपोटात, असेच कोट्यवधी जंतू असतात. गवत-कडबा पचवण्याचं खरं काम ते करतात, मेंढी नव्हे. पण या जंतूंना स्वतःला वाढायला नत्र लागतं, आणि ते त्यांना चाऱ्यातल्या प्रथिनांतून मिळतं. ते मिळालं नाही की जंतू उपाशी, आणि मग पोटात कडबा भरलेला असूनही मेंढी उपाशी. ती जास्त खाऊही शकत नाही, कारण आधीचंच पचून पुढे सरकलेलं नसतं.

म्हणून मूठभर पेंडीचं मोल तिच्या वजनापेक्षा कितीतरी मोठं असतं. त्या मुठीतली प्रथिनं मेंढीला मिळतातच, शिवाय त्यांच्या जोरावर पोटातले जंतू वाढतात आणि तोच कडबा जास्त पचायला लागतो. मेंढी तो जास्त खाते. आणि पुढच्या कप्प्यात गेल्यावर ते जंतू स्वतःच पचतात आणि मेंढीची प्रथिनं होतात. नुसती भाकरी खाणाऱ्याला वाटीभर वरण मिळावं, तसं हे आहे. फक्त इथे त्या वरणाने भाकरीचीही ताकद वाढते.

हे सगळं बायकांच्या पुरवणीत कशासाठी, असं कुणाच्या मनात आलं असेल. त्याचं उत्तर वाड्यावर दिवसभर बसलं की मिळतं.

सकाळी पुरुष मेंढरं घेऊन चरायला जातात ते दिवस कलल्यावर येतात. मागे राहतात बायका, म्हातारी माणसं, लहान पोरं आणि कोकरं. चालता न येणारी, चार-आठ दिवसांची कोकरं वाड्यातच असतात. त्यांच्यासाठी पाला आणायचा, त्यांना ऊन-वारा लागू द्यायचा नाही, संध्याकाळी कळप आला की प्रत्येक कोकरू त्याच्या आईला लावायचं, जी मेंढी पिऊ देत नाही तिला धरून ठेवायचं, हे सारं काम बायकांचं. चाळीस-चाळीस कोकरांतून कुठलं कुणाचं, हे त्यांना अंधारात नुसत्या आवाजावरून कळतं. कुठल्या मेंढीची कास भरलीय आणि कुणाची रिकामी आहे, हेही पहिल्यांदा त्यांच्याच हाताला कळतं.

आणि कास रिकामी असली तर? धनगराच्या कळपात मेंढरांबरोबर चार-दोन शेळ्या असतात, त्या यासाठीच. आईचं दूध न पुरणाऱ्या कोकराला शेळीचं दूध पाजतात. मेंढरं विण्याच्या दिवसांत वाड्यावर गेलं की मला चहा कोरा मिळतो. पाहुण्याला कोरा चहा द्यायचा म्हणून बाई संकोचते, पण दूध कोकरांना गेलेलं असतं. पाहुण्याचं काय, एखादा दिवस निभावतं. पण त्या वाड्यावरची तीन-चार वर्षांची पोरंही तोच कोरा चहा पीत असतात, सकाळ-संध्याकाळ, महिना-दीड महिना. मेंढीच्या खुराकाचा प्रश्न माझ्या डोक्यात पक्का बसला तो इथे. मेंढीला तिच्या पोटातल्या बाळासाठी जे मिळालं नाही, ते शेवटी बाईच्या पोराच्या कपातून वजा होतं. वर रात्रीचं उठून कोकराला बाटली लावायची ती बाईनेच.

पुन्हा आता मेंढ्यांना जुळी व्हायला लागली आहेत. आपली दख्खनी मेंढी काटक, पण बहुतेक वेळा एकच कोकरू देणारी. पश्चिम बंगालच्या सुंदरबनात गॅरोल नावाची छोटीशी मेंढी आहे, ती सर्रास दोन-तीन कोकरं देते. तिच्यातलं जास्त कोकरं देणारं जनुक फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नारी'ने, दख्खनी मेंढीत आणलं. १९९० च्या दशकात सुरू झालेल्या या कामातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली स्थापन केलेली ही संस्था. त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी या मेंढ्यांच्या कामाला वर्षानुवर्षं वाहून घेतलं आहे. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावती कर्वे यांच्या त्या नात, हे सांगितलं की वाचणाऱ्या मैत्रिणींचे कान नक्की टवकारतील!

लोकरीला आता भाव राहिलेला नाही. कळपाची कमाई कोकरांवरच आहे, त्यामुळे एकाऐवजी दोन कोकरं हा मोठाच फायदा. पण एका वाड्यावर एका म्हातारीने मला जे ऐकवलं, ते कुठल्याही प्रशिक्षणात सांगायला हवं. ती म्हणाली, "बाई, दोन झाली ते ब्येस झालं. पर आचळं दोन असली म्हंजी दूध दुप्पट येतंय व्हय?" जुळी पोटात असलेल्या मेंढीचं पोट जास्त दाटतं, तिला चारा कमी जातो आणि गरज मात्र जास्त असते. मग ती स्वतःच्या अंगावरची चरबी वितळवायला लागते. ते फार झालं तर विण्याच्या आधीच्या पंधरवड्यात ती सुस्तावते, कळपाच्या मागे राहते, खात नाही, आणि कधीकधी पोटातल्या दोन जिवांसह जाते. अशा मेंढीला नुसती प्रथिनं पुरत नाहीत. मक्याचा किंवा ज्वारीचा थोडा भरडाही द्यावा लागतो. थोडक्यात, जुळं देणारी मेंढी घ्यायची तर तिचा खुराकही घरात आणावा लागतो. नाहीतर दुसरं कोकरू म्हणजे बाईच्या कामात आणि काळजीत भर, एवढंच.

आता मुद्द्याचं बोलू. खुराक म्हणजे पैसे, आणि पैसे कुठून आणायचे? दुकानातली तयार पोती महाग पडतात. म्हणून स्वस्तातली प्रथिनं कुठे कुठे आहेत, ते बघू.

सगळ्यात स्वस्त म्हणजे झाडपाला. शेवरी, हादगा, सुबाभूळ ही सगळी शेंगवर्गातली झाडं. यांच्या मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र धरून ठेवणारे जंतू असतात, म्हणून पाल्यात प्रथिनं भरपूर. वाळवलेल्या पाल्याच्या हिशेबाने साधारण वीस ते पंचवीस टक्के. म्हणजे सरकीच्या पेंडीच्या जवळपास! शेवरी तर पेरल्यावर काही महिन्यांतच कापायला येते. बांधावर एक ओळ लावली, तरी चार-पाच गाभण मेंढ्यांना रोज पेंढीभर पाला निघतो. लसूणघास आणि दशरथ घासही उत्तम, पण त्यांना पाणी हवं.

दुसरं, शेंगा. उन्हाळ्यात बाभळीखाली शेंगांचा सडा पडतो. वेड्या बाभळीच्या, म्हणजे विलायती बाभळीच्या, शेंगा तर गोडसर असतात आणि मेंढरं आवडीने खातात. या शेंगांत प्रथिनं दहा-बारा टक्के, म्हणजे कडब्याच्या तिप्पट. जमीन नसलेल्या बाईलाही ही वेचून, वाळवून, पोत्यात भरून ठेवता येतात. मात्र वेड्या बाभळीच्या शेंगा कुटून-दळून द्याव्यात. अख्ख्या दिल्या तर बी लेंडीतून जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि ज्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसली, त्याच्या रानात पुढच्या वर्षी काटेच काटे! मग तो पुन्हा बोलावणार नाही.

तिसरं, खळ्यावरचं आणि डाळमिलमधलं. तुरीचं भुसकट, भुईमुगाचा वाळला पाला, तूर-हरभऱ्याची चुणी. भुईमुगाच्या पाल्यात कडब्याच्या दुपटी-तिपटीने प्रथिनं असतात. चुणीत डाळीचे तुकडे जितके जास्त, तितकी ती चांगली. नुसती टरफलं असतील तर पैसे वाया. ओंजळीत घेऊन फुंकर मारली की कळतं. धान्य पाखडणाऱ्या हाताला हे शिकवावं लागत नाही.

चौथी पेंड. सरकीची पेंड साधारण बावीस-चोवीस टक्के प्रथिनांची, शेंगदाणा पेंड आणि सोयापेंड चाळीसच्या पुढे. भाव विचारताना नुसता किलोचा विचारू नये, त्यात प्रथिनं किती मिळतात त्यावर भाव लावावा. सोयापेंडीचा भाव सरकी पेंडीच्या दुपटीच्या आत असेल, तर प्रथिनांच्या हिशेबाने सोयापेंडच स्वस्त पडते, आणि ती निम्मीच द्यावी लागते.

आणि अझोला? अझोल्याची गावोगावी फार हवा झाली. वाळवलेल्या अझोल्यात प्रथिनं वीस टक्क्यांच्या पुढे असतात हे खरं. पण ताजा अझोला म्हणजे शंभरात चौऱ्याण्णव-पंच्याण्णव भाग पाणीच! किलोभर ओल्या अझोल्यातून मेंढीला मिळणारी प्रथिनं म्हणजे मूठभर सरकी पेंडीएवढी. घराजवळ पाणी आहे, खड्ड्याकडे रोज बघायला माणूस आहे, तर जरूर करा. पण उन्हाळ्यात प्यायचं पाणी डोक्यावरून आणणाऱ्या बाईला अझोल्याचा खड्डा करायला सांगणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक हंडा ठेवणं.

आता हिशेब. विण्याच्या आधीचे सहा आठवडे रोज दीडशे ग्रॅम पेंड म्हटली, तर ४२ दिवसांचे झाले सहा किलो तीनशे ग्रॅम. व्यायल्यावर आठ आठवडे रोज अडीचशे ग्रॅम म्हटलं, तर चौदा किलो. म्हणजे एका मेंढीमागे साधारण वीस किलो. तुमच्या गावातल्या पेंडीच्या भावाला वीसने गुणा आणि तीन महिन्यांच्या कोकराला बाजारात काय मिळतं, ते शेजारी मांडा. बहुतेकींच्या भुवया उंचावतात. त्यातली निम्मी पेंड वगळून तिच्या जागी शेवरीचा पाला किंवा शेंगा घातल्या, तर खर्च आणखी खाली येतो.

खरी गोम पुढेच आहे. मूठ-मूठ पेंड सगळ्या कळपाला टाकली, तर ती कुणालाच पुरत नाही. दांडगी मेंढरं ती पुढे होऊन खातात आणि जिला हवी ती मागे राहते. म्हणून जी शेवटच्या दीड महिन्यात आहे, जी जुळ्यांची आहे, जी पहिलटकरीण आहे आणि जी हाडकुळी आहे, तिलाच द्यायची. हाडकुळी कशी ओळखायची? लोकरीमुळे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. बरगड्या संपल्यावर कमरेच्या कण्यावर तळहात दाबून बघायचं. मणके टोकदार लागले तर मेंढी खंगलेली. बोटांखाली गोलसर, मऊ लागले तर ठीक आहे.

एका वाड्यावरची गोष्ट सांगते. नाव मुद्दाम सांगत नाही. पस्तीस मेंढ्यांचं खांड, घरात नवरा-बायको, सासू आणि दोन मुलं. ती मला ताई म्हणते, मी तिला आक्का. हा सगळा हिशेब मी तिच्या नवऱ्याला आधी सांगितला होता आणि त्याने मान डोलावली होती. पेंड काही आली नाही. पुढच्या खेपेला आक्काच मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, त्यांला सांगून काय उपेग? मेलेलं कोकरू त्यांच्या मांडीवर मरतंय व्हय? तुमी मला सांगा."

मग आम्ही दोघी बसलो. वाड्यावरच्या कोंबड्या तिच्या. अंड्यांचे आणि दोन कोंबड्यांचे पैसे तिने साठवलेले. त्यातून सरकी पेंडीचं एक पोतं यायचं, पन्नास किलोचं. एका पोत्यात सगळं बसवायचं होतं. तिने पाच मेंढ्या निवडल्या, कुठल्या ते तिने हात लावून ठरवलं, मी नाही. पाचजणींच्या पाठीवर काव लावली, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत ओळखू याव्यात. पाच मेंढ्या, दीडशे ग्रॅम, सहा आठवडे, म्हणजे साडेएकतीस किलो झाले. उरली साडेअठरा किलो. ती जुळी होतील त्यांच्यासाठी ठेवायची ठरलं.

सासूने पहिल्याच दिवशी तोंड सोडलं. "माज्या हयातीत मेंढराला पेंड घातलेली बगितली न्हाई. आता अंडी इकून मेंढरं पोसा!" आक्का काही बोलली नाही. तिने बाकीच्या मेंढरांना जाळीत घातलं आणि पाचजणींना बाहेर बांधून पेंड दिली. नवरा दोन दिवस बघत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "लाल पाठीच्या कुठं बांधू?" त्याचा होकार तो एवढाच.

पाचांपैकी दोघींना जुळी झाली. एकूण सात कोकरं. त्यातलं एक, जुळ्यातलं धाकटं, तिसऱ्या दिवशी गेलं. पेंड म्हणजे काही अमृत नव्हे, हेही लिहायला हवं. त्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता आणि वाडा उघड्यावर होता. बाकी सहा उभी राहिली. त्या पाचजणींना दूध होतं, त्यामुळे शेळीची बाटली एकाच कोकराला लावावी लागली आणि तीही थोडे दिवस. मी महिन्याने गेले, तर पितळीत दुधाचा चहा आला. आक्काची धाकटी तिच्या पेल्यात भाकरी कुस्करून बसली होती. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "औंदा शेरडांनी बरं दूध दिलंया." शेरडांनी नेहमीइतकंच दिलं होतं. पण मी कशाला बोलू?

काही गोष्टी मात्र जपूनच करायला हव्यात. खुराक एकदम सुरू करायचा नाही. पहिल्या दिवशी अर्धी मूठ, मग आठ-दहा दिवसांत वाढवत न्यायचा. भरपूर खुराक अचानक मिळाला की आंत्रविषाराने चांगली धडधाकट मेंढी आणि सर्वांत गुटगुटीत कोकरू रात्रीत जातं. त्याची लस असते, ती जनावरांच्या दवाखान्यात विचारून वेळेवर टोचून घ्यावी. सुबाभळीत मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. नुसत्या त्याच पाल्यावर ठेवलं तर मेंढीची लोकर झडते. म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा ती जास्त नको. दव पडलेला ओला लसूणघास उपाशी पोटी दिला, तर पोटफुगी होते; तो सुकवून किंवा कडब्यानंतर द्यावा. बुरशी आलेली पेंड, विशेषतः शेंगदाण्याची, 'मेंढरालाच तर घालायची' म्हणून घालू नये. त्या बुरशीचं विष यकृताला लागतं. लहान कोकरांना सरकी पेंड टाळावी, त्यांच्यासाठी शेवरीचा कोवळा पाला आणि भरडलेली चुणी बरी. दोन आठवड्यांचं झालं की कोकरू पाल्याला तोंड लावायला लागतं. जाळीला फक्त कोकरू जाईल एवढी फट ठेवून आत पाल्याची पेंढी उंचावर टांगली, की मोठी मेंढरं आत शिरत नाहीत आणि पाला पायदळीही जात नाही. आणि युरिया? कडब्यावर युरियाची प्रक्रिया करतात, पण प्रमाण जरा चुकलं तरी जनावर दगावतं. प्रत्यक्ष शिकल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता यात आडवं काय येतं ते सांगते. शेवरी लावा म्हणणं सोपं आहे, पण बांध कुणाचा? निम्मं वर्ष परमुलखात हिंडणाऱ्या बाईला स्वतःचा बांध नसतो. तिच्यासाठी उपाय वेगळे शोधावे लागतात. रानात मेंढरं बसवल्याबद्दल शेतकरी पैसे किंवा धान्य देतो, कारण लेंडीखताने त्याचं रान सुधारतं. हा व्यवहार ठरतानाच त्यातला काही भाग तुरीच्या भुसकटाच्या किंवा भुईमुगाच्या पाल्याच्या रूपात मागता येतो. शेतकऱ्याला ते पैशापेक्षा हलकं वाटतं, वाड्याला ते पेंडीच्या जागी पडतं. पण हा सौदा पुरुष पुरुषाशी करतो, आणि कोकरांना पाला कमी पडतोय हे जिला ठाऊक असतं, ती तेव्हा चुलीपाशी असते.

प्रशिक्षणांचंही तेच. मेंढीपालनाचे मेळावे होतात, खुर्च्या मांडल्या जातात, त्यांवर फेटे-टोप्या दिसतात. बायका आल्याच तर मागे उभ्या राहतात, कडेवर पोर घेऊन. राज्य सरकारने २०१७ साली राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आणली. मेंढ्यांच्या गटाबरोबर खाद्यासाठीही त्यात अनुदानाचा विचार केलेला आहे, ही चांगली गोष्ट. पण पोतं घरात आल्यावर त्यातली मूठ कुणाला, किती आणि कधी घालायची, हे जी ठरवणार तिला कुणी शिकवलं का? मेळाव्याची वेळ सकाळी दहाची ठेवायची, म्हणजे नेमकी ती कोकरांसाठी पाला आणत असतानाची, आणि मग 'महिलांचा प्रतिसाद नाही' असं अहवालात लिहायचं, हे कधी थांबणार? दुपारी मेंढरं रानात असताना वाड्यावरच जावं, खरा कण आणि खरी कास दाखवून बोलावं. बायका पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न विचारायला लागतात, आणि ते प्रश्न इतके नेमके असतात की पुस्तकं उघडावी लागतात.

गावात राहणाऱ्या, घरी दोन-चार मेंढ्या-शेळ्या असलेल्या मैत्रिणींसाठी सोपं आहे. पावसाळ्याच्या तोंडाला मेंढी फळली असेल, तर ती दिवाळीच्या आसपास वितेल. म्हणजे नवरात्राच्या सुमारास तिच्या पाठीवर काव लागली पाहिजे. त्यासाठी शेवरीचं बी आत्ताच कुणाकडून तरी मागून ठेवा, मूठभर पुरतं, आणि पहिल्या पावसात परसात किंवा बांधाला टोकून टाका. आणि सरकीचं एक पोतं परवडत नसेल तर दोघी-तिघींनी मिळून आणा, पण आपापल्या मेंढीच्या कण्यावर हात ठेवून आधी ठरवा, ते कुणाच्या तोंडी पडणार आहे. मूठ लहानच असते, पण ती योग्य वेळी योग्य तोंडी पडली की कोकराला त्याच्या आईचं दूध मिळतं आणि शेळीचं दूध घरातल्या पोरांच्या कपात राहतं.